पांढरी वाटी

"हेमा, तुझं मंगळसूत्र बशीत लोंबतंय बघ," रेश्मा म्हणाली. मी मायक्रोस्कोपवरनं डोळा काढून मान वर केली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

चिनी मातीच्या त्या बशीत पारा होता आणि माझ्या मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्या त्यात चांगल्या बुडून बसल्या होत्या. मी झटकन ओढून बाहेर काढल्या, पदरानं पुसल्या आणि बघते तर एक वाटी पांढरीफटक. दुसरी होती तशीच पिवळीधमक. मी पदराचं टोक ओलं करून घासलं, नखानं खरवडलं, शेवटी रेश्मानं हात धुवायचा साबण आणून दिला. काही उपयोग झाला नाही. वाटी जर्मनच्या भांड्यासारखी दिसत होती ती तशीच दिसत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, पाऱ्याजवळ जाताना अंगावरचं सोनं काढून ठेवावं एवढंही तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं? सांगितलं होतं की. सरांनी सगळ्या वर्गाला बजावून सांगितलं होतं. फक्त तो प्रयोग वर्गात झाला त्या दिवशी मी माझ्याच लग्नाच्या मांडवात बसले होते आणि माझी जोडीदारीण रेश्मा मुजावर माझ्याच लग्नात जेवत होती. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या मधोमध माझं लग्न झालं. मार्चमध्ये फिजिक्सचं प्रॅक्टिकल दोन दिवसांवर आलं, तेव्हा आम्ही दोघी बुडालेला प्रयोग भरून काढायला लॅबमध्ये एकट्याच बसलो होतो. केसासारख्या बारीक नळीत पाऱ्याचा धागा ओढायचा, त्याची लांबी मोजायची, मग तो पारा तोलायचा आणि नळी आतून किती रुंद आहे ते काढायचं. प्रयोग सोपा आहे. वाकून मात्र फार बसावं लागतं.

"मुलामा उडाला असेल गं," रेश्मा दबक्या आवाजात म्हणाली. "आमच्या शेजारच्या भाभीच्या बांगडीचा असाच उडाला होता."

"तोंड सांभाळून बोल," मी म्हटलं खरं, पण माझ्याही डोक्यात तेच आलं होतं.

आमच्याकडं मंगळसूत्राची एक वाटी माहेरची असते आणि एक सासरची. माझी माहेरची वाटी साधी, गुळगुळीत. सासरच्या वाटीच्या कडेला बारीक दाणे होते. पांढरी पडली ती दाण्यांची. म्हणजे माझ्या सासूनं मला खोटी वाटी घातली होती. मी रेश्माला वर्गात कुणाला सांगू नकोस म्हटलं, मंगळसूत्र पोलक्याच्या आत सारलं आणि पदर दोन्ही खांद्यांवरनं घेऊन घरी निघाले.

माझी सासू म्हणजे आत्याबाई. विधवा बाई, एकुलता एक मुलगा सीमेवर फौजेत, घरात आम्ही दोघीच. लग्नानंतर मी कॉलेजात जाणार म्हटल्यावर भावकीतल्या चुलतसासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. त्यांना आत्याबाईंनी एवढंच सांगितलं होतं की, माझी सून आहे, मी बघीन काय करायचं ते. रोज सकाळी माझा डबा त्याच भरायच्या. अशी बाई खोटं सोनं देईल? मला पटेना. पण वाटी तर पांढरी होती.

लपवून लपवून किती लपवणार? संध्याकाळी चुलीपुढं वाकले आणि मंगळसूत्र बाहेर आलं. आत्याबाईंचा हात परातीतच राहिला.

"काय झालं गं ते?"

"पाऱ्यात बुडालं, आत्याबाई. कॉलेजात."

त्यांनी पिठाच्या हातानंच वाटी धरली. आधी त्यांचा चेहरा भीतीनं उतरला. मुलगा तिकडं सीमेवर, आणि इकडं सुनेच्या मंगळसूत्राची वाटी अशी झालेली. त्या देवाकडं बघून काहीतरी पुटपुटल्या. मग त्यांनी शेजारची पिवळी वाटी बघितली, पुन्हा पांढरी बघितली, कडेच्या दाण्यांवरनं बोट फिरवलं आणि वाटी सोडून दिली.

"आमचीच की गं ही."

मी परात बाजूला सरकवली.

"सोनाराच्या समोर बसून करून घेतली मी ही. उठलेसुद्धा नाही तिथनं. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत फसवलं व्हय मला?"

"आपण जाऊन विचारू त्याला."

"आणि सगळ्या पेठेत बोभाटा करू? लोक सोनाराला नाही हसायचे. आम्ही खराड्यांनी सुनेला खोटं घातलं म्हणतील आणि वर सोनाराचं नाव पुढं करत्यात म्हणतील." त्या बोलता बोलता रडायला लागल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते आणि मला धड जवळही जाता येईना. मनात आलेला संशय अजून पुरता गेला नव्हता ना. "उद्या तुझे वडील येणार. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू मी?"

नाना येणार होते ते माझा अभ्यास घ्यायला. माझे वडील भोकरे सर, हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. मला फिजिक्सची गोडी लागली ती त्यांच्यामुळंच. उत्तर आधी बघून त्याला जुळतील अशी रीडिंग कुणी बनवली की ते त्याची वही वर्गाबाहेर भिरकावून द्यायचे, मग तो सरपंचाचा मुलगा का असेना. पंचक्रोशीत कुणाचं भांडण झालं की लोक म्हणायचे, भोकरे सरांना विचारा, ते खोटं बोलायचे नाहीत. माझ्या लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची बोलणी चालली असताना त्यांनी मधेच हात वर केला होता आणि म्हणाले होते, "माझी अट एकच, मुलीचं शिक्षण थांबता कामा नये." मला तेव्हा काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले. चहा झाला. मी पुस्तकं काढून बसणार तेवढ्यात आत्याबाई माजघरातनं आल्या. रात्रीच त्यांनी माझ्या मंगळसूत्रातल्या वाट्या काढून घेतल्या होत्या आणि मोकळा गळा नको म्हणून पोतीत हळकुंड बांधून दिलं होतं. दोन्ही वाट्या त्यांनी ताटलीत घालून नानांच्या पुढं ठेवल्या आणि हात जोडले. मला कसंसंच झालं. आमच्याकडं मुलीचा बाप वरमाईपुढं वाकतो. वरमाई मुलीच्या बापापुढं हात जोडते हे मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

"सर, आमच्याकडनं पोरीला खोटं गेलं. मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं."

नानांनी चष्मा लावला आणि वाट्या उचलल्या. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरल्या.

"कशानं झालं हे?" त्यांनी मला विचारलं.

"पाऱ्यात बुडाल्या, नाना."

"ही एकच बुडाली असेल."

"नाही. दोन्ही. रेश्मानंही बघितलं."

"दोन्ही," ते म्हणाले आणि बराच वेळ तसेच पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, आता हे चिडणार. नानांचा राग मला ठाऊक होता. आत्याबाई तर मान खाली घालून बसल्या होत्या. पण नाना वळले ते अगदी शांत चेहऱ्यानं.

"चालायचंच विहीणबाई. सोनारांचं काय, दिवसाढवळ्या फसवतात. यात तुमचा काय दोष? मी ह्यातलं अक्षर कुठं बोलणार नाही. हेमाच्या आईजवळसुद्धा नाही."

केवढं मोठं मन, मी मनात म्हटलं. दुसरा असता तर त्यानं सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

आत्याबाईंना तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्या आत गेल्या आणि फडक्यात बांधलेली एक पाटली घेऊन आल्या. मामंजी गेल्यापासनं ती ट्रंकेत तळाशी पडून होती. मला एकदाच दाखवली होती, यांनी केली होती मला, म्हणून.

"ही मोडा आणि तिला नवी वाटी करा. तुमच्याच हातानं करा. माझा आता कुणावर भरवसा राहिला नाही."

"कशाला, कशाला," नाना म्हणाले. "असू द्या."

"नाही सर. हे झाल्याबिगर मला अन्न गोड लागायचं नाही."

नानांनी पाटलीकडं बघितलं नाही. माझ्याकडंही बघितलं नाही. "बरं, तुमच्या मनाला समाधान होत असेल तर," ते म्हणाले. "सांगलीत माझ्या ओळखीचा सोनार आहे. वाट्या दोन्ही द्या माझ्याकडं, जोड सारखी करून आणतो. उद्या हेमाची परीक्षा झाली की दुपारच्या गाडीनं निघतो."

त्यांनी सगळं रुमालात बांधून पिशवीत टाकलं आणि आम्ही अभ्यासाला बसलो. नाना शिकवायला लागले की जग विसरायला व्हायचं. त्या दिवशी मात्र त्यांचं लक्ष नव्हतं. लोलकाचं सूत्र त्यांनी चुकीचं सांगितलं आणि मीच दुरुस्त केलं. मग मी म्हटलं, "नाना, तोंडी परीक्षेत पाऱ्याचे गुणधर्म विचारतात म्हणे. ते तेवढं सांगा."

"ते नाही विचारत. पुढचं घे."

"पण रेश्मा म्हणत होती..."

"पुढचं घे म्हटलं ना."

प्रवासानं दमले असतील, मी मनात म्हटलं आणि पान उलटलं.

परीक्षेच्या दिवशी टेबलावरच्या चिठ्ठ्यांतनं मी एक उचलली आणि नेमका तोच प्रयोग निघाला. रेश्मा पलीकडच्या टेबलावरनं माझ्याकडं बघून हसली. मी ह्या वेळी पोत पोलक्याच्या आत घालून वर पिन लावली. रीडिंग सुरेख आली. गणित चोख सुटलं. मी वही घेऊन परीक्षकांपुढं गेले तेव्हा माझ्या मनात भीतीचा लवलेश नव्हता.

बाहेरनं आलेल्या परीक्षक म्हणजे कोल्हापूरच्या एक वयस्कर बाई होत्या. वही चाळता चाळता त्यांनी विचारलं, "पारा हाताळताना काय काळजी घेशील?"

"सांडू द्यायचा नाही. तोंडात जाऊ द्यायचा नाही. वाफ नाकात जाऊ द्यायची नाही."

"आणि?"

बाईंची नजर माझ्या गळ्याकडं गेली. पिन निसटून हळकुंड बाहेर आलं होतं. त्या हसल्या.

"वाट्या कुठं गेल्या? बुडवल्यास वाटतं पाऱ्यात? अगं, सोनाराकडं दे, तो तापवून पारा काढून देईल. दरवर्षी प्रत्येक कॉलेजात एक तरी नवी नवरी हे करतेच."

"नाही बाई," मी म्हटलं. मला वाटलं, ह्यांचा गैरसमज झालाय. "माझी एकच पांढरी झाली. ती खोटी होती."

"दोन्ही बुडाल्या होत्या?"

"हो."

"मग उलटं आहे बाळ. पारा सोन्याला धरतो. लागल्या लागल्या सोनं पांढरं पडतं. पांढरी झाली ती खरी. पिवळीच राहिली ना, ती बघ एकदा. पितळेवर मुलामा देऊन वरनं लाखेचा हात मारतात, तिथं पारा चिकटतच नाही." त्यांनी वहीचं पान उलटलं. "शाळेतल्या सायन्सच्या कुठल्याही मास्तरला ठाऊक असतं हे. बरं, पृष्ठताण म्हणजे काय ते सांग."

पृष्ठताण मला झोपेत उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. त्या वेळी तोंडातनं शब्द फुटेना. बाईंचे ओठ हलताना दिसत होते आणि मला फक्त खिडकीपाशी पाठमोरे उभे असलेले नाना दिसत होते. त्यांनी वाट्या उजेडात धरल्या, त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं होतं. कळलं कसलं, ते त्यांना लग्नाच्या दिवसापासनंच ठाऊक होतं. आणि तरी ते वळले आणि त्यांनी आत्याबाईंना माफ केलं. माफ केलं. मला पुन्हा पुन्हा तेच आठवत होतं.

"बरं वाटत नाही का तुला?" बाईंनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी मला सोडलं.

रेश्माला काही न सांगता मी घरचा रस्ता धरला. मार्चचं ऊन रणरणत होतं. रस्ताभर मी एकच ठरवत होते, मी काही बोलायचं नाही, नानांना बोलायला संधी द्यायची. ते बोलतील. माझे नाना आहेत, ते बोलतीलच.

घरी नाना निघायच्या तयारीत होते. पिशवी खांद्याला, पायात चपला. आत्याबाई त्यांना शेंगदाण्याचे लाडू बांधून देत होत्या.

"कसं झालं प्रॅक्टिकल?" नाना म्हणाले.

"बरं झालं. बाईंनी पाऱ्याचे गुणधर्म विचारले."

नानांनी पिशवीचा पट्टा सारखा केला.

"मला नाही सांगता आले," मी म्हटलं. "तुम्ही सांगा ना, नाना. आत्याबाईंनाही कळू द्या."

"गाडी चुकेल माझी."

"एवढं एकच सांगा. पारा सोन्याला लागला तर काय होतं?"

आत्याबाई लाडवाची पुडी हातात धरून आमच्याकडं बघत राहिल्या. नाना उंबऱ्याकडं बघत होते. मी वाट बघत होते, आणि खरं सांगते, तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात त्यांच्या विनवण्या करत होते. बोला नाना, एकदा बोला.

"आल्यावर सांगेन," नाना म्हणाले आणि त्यांनी पाऊल उचललं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "पांढरी झाली ती वाटी खरी आहे. तुमची. सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं. तुम्हाला कुणी फसवलं नाही."

आत्याबाई समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसता आनंद आला, अगदी लहान मुलासारखा. मग त्यांनी विचारलं, "आणि पिवळी?"

आत्याबाईंनी नानांकडं बघितलं. नाना पिशवीतला रुमाल काढून गाठ सोडवत होते. गाठ सुटेना. शेवटी त्यांनी रुमाल गाठीसकट खाटेवर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "त्या वेळी माझं जमलं नाही. पुढं बदलून देणार होतो."

मला वाटलं, आता आत्याबाई कडाडणार. त्यांचा हक्कच होता. पण त्या म्हणाल्या, "उन्हाचं निघालाय सर. पाणी पिऊन जावा."

नाना पाणी न पिता गेले. मी फाटकापर्यंत मागं गेले. का गेले कोण जाणे. तिथं ते थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला एकट्याला सांगायचं होतंस, हेमा. त्यांच्यादेखत नको होतं." आणि ते उन्हात चालायला लागले. मी तिथंच फाटकाला धरून उभी राहिले. वाटी खोटी निघाली त्याचा धक्का मी सोसला असता. पाटली पिशवीत टाकली त्याचाही सोसला असता. पण अजूनही त्यांना चूक माझीच दिसत होती, हे मला सोसेना.

मी आत आले तर आत्याबाईंनी रुमालाची गाठ सोडवली होती. पाटली बाजूला ठेवून त्या दोन्ही वाट्या पोतीत ओवायला बसल्या होत्या.

"ती नका घालू," मी म्हटलं. "फेकून द्या ती. मला नको."

"तुला नको असंल."

"खोटी आहे ती."

"ठाऊक आहे की आता. दोन दिवस रडवलंय तिनं मला." त्यांनी पोतीला गाठ मारली. "सोनाराकडनं पांढरी उजळून आणू. दोन्ही सारख्या दिसतील, लोकांना काय कळतंय. ये इकडं."

"आत्याबाई, नको."

"अगं पोरी, उद्या तुझा बाप ह्या दारात येईल ना, तर त्याची नजर आधी तुझ्या गळ्याकडं जाईल. तिथं त्याची वाटी दिसली नाही तर तो पुन्हा येईल का?"

त्यांनी पोत माझ्या गळ्यात घातली. मी तेव्हा कुठं रडले, आणि किती वेळ रडले त्याला सुमार नाही.

प्रॅक्टिकलमध्ये मी पास झाले, तोंडीचे गुण तेवढे गेले. पुढं बीएस्सी झाले, फिजिक्सच घेतलं, आयुष्यभर तेच शिकवलं. नानांनी ना पत्र पाठवलं, ना निरोप. मीही पाठवला नाही. दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते आले. आत्याबाईंनी दार उघडलं, या सर म्हणाल्या आणि मला हाक मारली. मी पदराला हात पुसत बाहेर आले. आत्याबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. नानांनी आधी माझ्या गळ्याकडं पाहिलं. दोन्ही वाट्या तिथं होत्या. मग त्यांनी नजर वर केली, पण ती माझ्या चेहऱ्यापर्यंत काही आली नाही. त्यानंतर नाना खूप वर्षं जगले, दर दिवाळीला येत राहिले, आणि दर वेळी तिथंच थांबले.